ऑपरेटिंग सिस्टीम शिकायची तर कर्नल उघडा

सीपीयू शेड्यूलिंगचे प्रॅक्टिकल बहुतेक कॉलेजांत एकाच पद्धतीने होते. प्रोग्रॅम सुरुवातीला विचारतो: प्रोसेस किती, प्रत्येकीचा अरायव्हल टाइम किती, बर्स्ट टाइम किती. आकडे भरले की गँट चार्ट आणि सरासरी वेटिंग टाइम स्क्रीनवर येतो, प्रिंट जर्नलमध्ये लागते, सही होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत २०१९च्या पॅटर्ननुसार तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय सिस्टीम्स प्रोग्रॅमिंगच्या जोडीने येतो. तिथेही एफसीएफएस, एसजेएफ, प्रायॉरिटी आणि राउंड रॉबिन असेच लिहून दाखवायचे असतात. या सरावाला किंमत आहे, पण एक मूलभूत प्रश्न त्यात कुणी विचारतच नाही. खऱ्या यंत्रावर बर्स्ट टाइम सांगणार कोण? ब्राउझरची प्रोसेस पुढचे किती मिलिसेकंद सीपीयू वापरेल हे ना ब्राउझर लिहिणाऱ्याला ठाऊक असते, ना वापरणाऱ्याला, ना कर्नलला. शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट सर्वांत कमी सरासरी वेटिंग टाइम देतो हे सिद्ध करता येते, पण तो चालवायला भविष्य ठाऊक असावे लागते. पेज रिप्लेसमेंटमधल्या ऑप्टिमल अल्गोरिदमचेही तसेच, कारण पुढे कोणते पेज लागणार ते त्याला आधी कळायला हवे. डेडलॉक टाळणाऱ्या बँकर्स अल्गोरिदमला प्रत्येक प्रोसेसची कमाल गरज आधीच सांगावी लागते. अभ्यासक्रमातल्या या तीन प्रसिद्ध गोष्टी एकाच अडचणीवर अडतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या युनिटमध्ये असल्यामुळे ही अडचण एकच आहे हे लक्षातच येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या रचनेचा अभ्यास खरे तर या अडचणीपासून सुरू व्हायला हवा. भविष्य ठाऊक नसताना निर्णय घ्यायचा आहे. मग काय करणार? एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या प्रणालीत १९६२च्या सुमारास याचे एक उत्तर दिले: प्रोसेसचे आतापर्यंतचे वागणे पाहा. मिळालेला वेळ पुरता संपवते ती खालच्या रांगेत जाईल, थोडे काम करून इनपुटची वाट पाहत थांबते ती वर राहील. पुस्तकात हेच मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू या मथळ्याखाली येते आणि पाठांतराचा आणखी एक मुद्दा होऊन बसते. पण एसजेएफला भविष्य लागते हे ज्याने आधी स्वतः ओळखले, त्याला फीडबॅक क्यू पाठ करावी लागत नाही. तिच्यात रांगा अनेक का, आणि खाली गेलेल्या प्रोसेसला काही काळाने वर का आणतात, हे तो स्वतः मांडू शकतो. म्हणून या लेखातला आग्रह एवढाच आहे: प्रत्येक यंत्रणेकडे ती नसती तर काय मोडले असते या प्रश्नाने बघा, आणि उत्तर एका छोट्या, पूर्ण, चालत्या कर्नलमध्ये ती यंत्रणा खरोखर काढून तपासा.

छोटा कर्नल हवा, हे मत नवे नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७६मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कर्नल विद्यार्थ्यांपुढे वाचायला ठेवला. सुमारे नऊ हजार ओळींचा तो कोड आणि त्यावरचे त्यांचे विवेचन हेच पाठ्यपुस्तक झाले. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने कोड वर्गात शिकवायला मनाई केली, तरी त्या विवेचनाच्या झेरॉक्स प्रती दोन दशके हातोहात फिरत राहिल्या; ते पुस्तक म्हणून उघडपणे छापले गेले १९९६मध्ये. त्याच मनाईमुळे अ‍ॅमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी स्वतःची मिनिक्स ही प्रणाली लिहिली आणि १९८७मध्ये पुस्तकासोबत दिली. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉर्वल्ड्स १९९१मध्ये लिनक्स लिहू लागला तेव्हा त्याच्या संगणकावर मिनिक्स होती. एमआयटीत लायन्स यांचे विवेचन वर्गात वापरून पाहिले गेले, पण पीडीपी-११ हे यंत्र विद्यार्थ्यांना परके झाले होते. म्हणून २००६मध्ये तिथे सहाव्या आवृत्तीच्याच धर्तीवर एक्सव्ही६ हा कर्नल नव्याने लिहिला गेला. आज तो रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी आहे, दहा हजारांहून कमी ओळींचा आहे, त्याचा कोड आणि सोबतचे शंभरेक पानांचे पुस्तक दोन्ही मोफत आहेत. आयआयटी मुंबईतही हा विषय शिकवताना एक्सव्ही६ वापरला जातो. सोबत सविस्तर पुस्तक हवे असेल तर विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्पासी-ड्यूसो दांपत्याचे पुस्तक घ्या. तेही इंटरनेटवर मोफत आहे, आणि व्हर्च्युअलायझेशन, कॉन्करन्सी, पर्सिस्टन्स अशी त्याची मांडणी प्रश्नांच्या अंगाने जाते.

या पद्धतीचा उपयोग दिसायला कॉन्टेक्स्ट स्विचइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. पुस्तकी उत्तर असे: चालू प्रोसेसची अवस्था पीसीबीमध्ये (प्रोसेस कंट्रोल ब्लॉकमध्ये) जतन करायची, दुसरीची तिथून उचलायची. आता एक्सव्ही६मधले प्रत्यक्ष स्विच करणारे असेम्ब्ली फंक्शन उघडा. त्यात चौदा रजिस्टरे जतन होतात आणि चौदाच परत भरली जातात. रिस्क-फाइव्हला सामान्य रजिस्टरे बत्तीस असताना चौदाच का? या एका प्रश्नावर एक संपूर्ण संध्याकाळ घालवा. ती वाया जाणार नाही. उत्तर कर्नलबाहेर, सी कंपायलरच्या नियमात आहे. हे फंक्शन सी कोडमधून बोलावले जाते, आणि कोणतेही फंक्शन बोलावण्यापूर्वी काही रजिस्टरे बोलावणाऱ्याने स्वतःच स्टॅकवर ठेवायची असतात. उरलेली बारा सांभाळणे हे बोलावलेल्या फंक्शनचे काम. त्यात स्टॅक पॉइंटर आणि परतीचा पत्ता मिळवला की चौदा होतात. पण टायमर इंटरप्ट आला तर? तेव्हा यूजर प्रोग्रॅमने कुणालाच बोलावलेले नसते, त्यामुळे तिथे सगळी रजिस्टरे जतन करावीच लागतात, आणि तो कोड वेगळ्या जागी, ट्रॅपच्या वाटेवर आहे. म्हणजे पुस्तकातल्या एका वाक्यामागे दोन वेगळी जतनकार्ये दडलेली आहेत. चौदांपैकी एखाद्या रजिस्टरची ओळ काढून कर्नल चालवा. कधी तो लगेच पॅनिक होईल, कधी बराच वेळ काहीच होणार नाही, कारण त्या क्षणी ते रजिस्टर वापरात नव्हते. हे अनिश्चित वागणेही शिकण्यासारखेच आहे.

याच ठिकाणी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत एक प्रसिद्ध टिप्पणी होती. वाचणाऱ्याला हे समजावे अशी अपेक्षा नाही, असा तिचा आशय. युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी पुढे तिचा खुलासा केला: हे परीक्षेला येणार नाही अशा अर्थाने ती लिहिली होती, पण खरी अडचण अशी की तिथे काय चालले आहे ते लिहिणाऱ्यांनाही पुरते उमगले नव्हते. एका फंक्शनमध्ये जतन केलेल्या स्टॅकवर दुसऱ्याच फंक्शनमधून परतायचे, ही युक्ती पीडीपी-११वर चालली, कारण तिथला कंपायलर रजिस्टरे नेहमी एकाच पद्धतीने जतन करत असे. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर नेताना ती मोडली आणि मगच नीट समजली. ज्यांनी युनिक्स घडवले त्यांनाही यंत्रणेचे खरे गृहीतक ती मोडल्यावर दिसले असेल, तर विद्यार्थ्याने ते नुसत्या व्याख्येतून उमजून घ्यावे ही अपेक्षा अवाजवी आहे.

सुरुवात कशी करावी, तर आधी सी. पॉइंटर, स्ट्रक्चर, लिंक्ड लिस्ट आणि बिटवाइज ऑपरेटर हे चार विषय पक्के नसतील तर कर्नल उघडण्याआधी पंधरा दिवस त्यांनाच द्या. लॅपटॉप साधा असला तरी चालतो, कारण एक्सव्ही६ क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये चालतो आणि त्या आभासी यंत्राला १२८ एमबी मेमरी व तीन सीपीयू मिळतात. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये उबंटू घाला. पहिले काम म्हणून एक नवा सिस्टीम कॉल जोडा, अगदी साधा, एक आकडा परत देणारा. त्यासाठी चार-पाच फाइलींमध्ये एकेक-दोन ओळी घालाव्या लागतात, आणि इतक्या ठिकाणी हात का लावावा लागतो याचे उत्तर शोधताना यूजर मोड ते कर्नल मोड हा सगळा रस्ता पायाखालून जातो. मग जीडीबी लावून ईकॉल या सूचनेपासून पुढे एकेक पाऊल चाला. पहिल्याच आठवड्यात फाइल सिस्टीमला हात घालू नका. बहुतेकांचा धीर तिथे सुटतो.

काहीही काढून पाहण्याआधी काय होईल याचा अंदाज वहीत लिहा, ही सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. माझ्या मते साऱ्या पद्धतीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अंदाज न लिहिता कर्नल मोडला तर जे दिसते ते असेच होणार होते असे वाटते, आणि समजुतीतले भोक झाकलेलेच राहते. लिहिलेला अंदाज चुकला की नेमके काय समजले नाही ते ठळक दिसते.

मेमरीच्या युनिटमध्ये मोडण्याआधी आकडेमोड करा. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही३९ पद्धतीत पत्ता ३९ बिटांचा असतो आणि पेज ४०९६ बाइटांचे, म्हणजे पेजमधल्या जागेसाठी १२ बिट गेले, उरले २७. एकच सपाट पेज टेबल केले तर त्यात सव्वातेरा कोटींहून जास्त नोंदी, प्रत्येक आठ बाइटांची. एका प्रोसेससाठी एक जीबी, तेही १२८ एमबीच्या यंत्रावर! आता तीन पातळ्यांचे टेबल पाहा. एक्सव्ही६मधल्या छोट्या प्रोसेसचा कोड, डेटा आणि स्टॅक पत्त्यांच्या तळाशी असतात आणि ट्रॅपसाठीची दोन पेजेस अगदी माथ्यावर. मधला प्रचंड भाग रिकामा. त्यामुळे मुळाचे एक, मधल्या पातळीची दोन आणि शेवटच्या पातळीची दोन अशी पाच पेजेस पुरतात, म्हणजे वीस केबी. हा हिशेब एकदा हाताने केला की मल्टिलेव्हल पेजिंगचे फायदे वेगळे पाठ करायला नकोत. माथ्यावरच्या त्या दोन पेजेसपैकी ट्रॅम्पोलिन नावाच्या पेजचेही बघा: ते यूजर आणि कर्नल दोन्ही पेज टेबलांत एकाच पत्त्यावर असते. का? कारण पेज टेबल बदलणारी सूचना चालल्यावर पुढची सूचना त्याच पत्त्यावर सापडली पाहिजे. नाहीतर प्रोसेसर पुढे जाणार कुठे?

लॉकच्या बाबतीत मात्र मोडून पाहण्याला पर्यायच नाही. एक्सव्ही६मध्ये मोकळ्या पेजेसची यादी एका लॉकने राखलेली असते. पेज देताना आणि परत घेताना ते लॉक लावणाऱ्या व सोडणाऱ्या ओळी काढा, सोबत येणाऱ्या यूजर चाचण्या चालवा, आणि एकदा एक सीपीयू देऊन, एकदा तीन देऊन फरक नोंदवा. एकावर चूक क्वचितच डोके वर काढेल. आपला प्रोग्रॅम दहा वेळा बरोबर चालला म्हणून तो बरोबर आहे, हा समज इथे कायमचा जातो. नंतर झोपलेल्या प्रोसेसला जागे करणारा कोड वाचा. तिथे झोपवणाऱ्या फंक्शनला लॉकही सोबत द्यावे लागते. अट तपासणे आणि झोपणे यांच्या मधल्या फटीत जागे करणारी हाक येऊन गेली तर प्रोसेस कायमची झोपेल, म्हणून. व्हायव्हात सेमाफोरची व्याख्या सांगणारे अनेक असतात. ही फट सांगणारा विद्यार्थी परीक्षकाच्या लक्षात राहतो.

ही फक्त वर्गातली कसरत नाही, याचा पुरावा मंगळावरचा आहे. नासाचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी तिथे उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद घेणारे कमी प्रायॉरिटीचे काम एक म्यूटेक्स धरून असे. तेवढ्यात मधल्या प्रायॉरिटीचे काम त्याला बाजूला सारून सीपीयू घेई, आणि त्याच म्यूटेक्ससाठी थांबलेले सर्वांत महत्त्वाचे काम अडकून पडे. ते वेळेत झाले नाही हे कळताच प्रणाली स्वतःला रीसेट करी. पृथ्वीवर अभियंत्यांनी तशीच प्रणाली प्रयोगशाळेत चालवली, ट्रेस लावला, चूक पुन्हा घडवून आणली, आणि त्या म्यूटेक्सवर बंद राहिलेला प्रायॉरिटी इनहेरिटन्सचा पर्याय दुरून चालू करून दिला. प्रायॉरिटी इन्व्हर्जन हा प्रकार शास्त्राला तोवर चांगलाच ठाऊक होता, उपाय त्या यानातल्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत तयार होता. कमी होती ती या लॉकवर तो नसेल तर काय होईल, हे आधी विचारण्याची.

यावर पहिला आक्षेप परीक्षेचा, आणि तो रास्त आहे. इन्सेम, एंडसेम, पुढे गेट. तिथे कोड विचारत नाहीत, न्यूमेरिकल विचारतात. पण न्यूमेरिकलमध्येही समज किती कामी येते ते बिलेडीच्या विसंगतीवरून पाहा. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पेजेस मागितली तर फिफोत तीन फ्रेमना नऊ पेज फॉल्ट होतात आणि चार फ्रेमना दहा. मेमरी वाढवून फॉल्ट वाढले. एलआरयूत असे कधीच का होत नाही, हा त्याला जोडून येणारा प्रश्न पाठांतराने सुटत नाही. तीन फ्रेममध्ये शेवटची तीन वेगवेगळी पेजेस असतात, चारमध्ये शेवटची चार. पहिला संच दुसऱ्यात नेहमी सामावलेला असतो, म्हणून फॉल्ट वाढूच शकत नाहीत. फिफोला ही हमी नाही. गेटचे अवघड प्रश्न असेच गृहीतकांवर बेतलेले असतात. तरीही उदाहरणे सोडवण्याचा वेग वेगळ्या सरावानेच येतो, हे मान्य करायला हवे. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे जुन्या प्रश्नपत्रिकांना द्या आणि कर्नलचे काम सत्राच्या सुरुवातीला उरका.

दुसरा आक्षेप असा की एक्सव्ही६ हे खेळणे आहे, मग सरळ लिनक्सच का वाचू नये? लिनक्सचा कोड काही कोटी ओळींचा आहे, आणि त्यातला बराच भाग ड्रायव्हरांचा. त्यात शिरलेला नवशिका एका फंक्शनमागे दहा मॅक्रो उलगडत बसतो. शिवाय तिथले अल्गोरिदम बदलत राहतात: २००७मध्ये आलेला सीएफएस शेड्यूलर २०२३मध्ये ६.६ आवृत्तीत ईईव्हीडीएफने बदलला. ज्याने फक्त सीएफएसचे तपशील पाठ केले त्याचे ज्ञान जुने झाले. भविष्य न जाणता न्याय्य वाटप कसे करायचे हा प्रश्न ज्याला कळला, त्याला नवा शेड्यूलर एका बैठकीत वाचता येतो. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली, तेव्हा लिनक्सने यूजर आणि कर्नल यांची पेज टेबले वेगळी केली आणि दोन्हींत ये-जा करायला एक छोटा सामाईक भाग ठेवला. ट्रॅम्पोलिन पेज समजलेल्या विद्यार्थ्याला त्या बदलाचा गाभा ओळखीचा वाटेल. म्हणून लिनक्स वाचाच, पण नंतर, आणि एकाच प्रश्नाचा माग काढत.

आणखी एक आक्षेप आता नव्याने ऐकू येतो. कोणतेही फंक्शन एआयला दिले तर तो समजावून सांगतो, मग एवढे कष्ट कशाला? एक्सव्ही६वर इंटरनेटवर इतके लिहिले गेले आहे की असे स्पष्टीकरण अनेकदा बरोबरही येते. पण ते वाचून समजले असे वाटणे वेगळे आणि ओळ काढल्यावर काय होईल ते आधी सांगता येणे वेगळे. एआय वापरायचा तर अंदाज लिहून, प्रयोग करून झाल्यावर वापरा. आपले स्पष्टीकरण त्याच्यापुढे ठेवा आणि त्यातली चूक शोधायला सांगा. एमआयटीच्या एक्सव्ही६वरच्या लॅबची तयार उत्तरे शोधणे मात्र टाळा, कारण तिथे शिकायचे असते तेच आयते मिळते.

वेळेचा प्रश्न उरतो. सत्रात पाच विषय, सबमिशन, प्लेसमेंटची तयारी. सगळे एक्सव्ही६ वाचायला जमणार नाही, आणि जमवायलाही नको. चार आठवडे असतील तर सिस्टीम कॉल, कॉन्टेक्स्ट स्विच, पेज टेबल आणि लॉक एवढेच घ्या. आठ असतील तर कॉपी-ऑन-राइट फोर्क स्वतः लिहून पाहा, आणि मग फाइल सिस्टीमच्या लॉगकडे वळा: बदल आधी लॉगमध्ये, मग कमिटची खूण, त्यानंतरच मूळ जागी, या क्रमातल्या प्रत्येक पायरीवर वीज गेली तर चालू होताना डिस्कवर काय सापडेल ते वहीत लिहा. शक्य असेल तर दोघातिघांनी मिळून करा, एकाने ओळ काढायची आणि दुसऱ्याने लक्षणांवरून ती ओळखायची. पुस्तक इंग्रजीत असले तरी ही चर्चा मराठीतच होऊ द्या; तीन सीपीयूंवर घडलेली गोष्ट क्रमाने मित्राला सांगताना जिथे वाक्य अडखळते, तिथला कोड पुन्हा उघडा.